मामा, सिनेमाला वन्स मोअर मिळाला

मराठी मंडळाच्या अंकात स्मृतिलेख आहे म्हटल्यावर लोकांनी चष्मे पुसून ठेवले असणार. पहिल्या ओळीत 'हसतमुख' येणार, दुसरीत 'मनमिळाऊ', तिसरीत 'पोकळी'. तर वाचक मंडळी, सॉरी. सेतूमामा हसतमुख नव्हते. मी दोन वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिलो, म्हणजे मद्रासच्या तांबरमला त्यांच्या घरात वरच्या भाड्याच्या खोलीत, आणि तेवढ्या काळात त्यांना दात दाखवताना दोनदा पाहिलं. त्यातल्या एकदा ते डेंटिस्टच्या खुर्चीत होते. मनमिळाऊ म्हणाल तर मंडळाचे तीन सेक्रेटरी त्यांच्याशी भांडून गेले. आणि पोकळी कसली? त्यांचं ऑर्गनचं धूड अजून हॉलमध्ये तसंच आहे. त्याला वळसा घालून जिन्याकडे जावं लागतं. माझ्या गुडघ्याला रोज लागतं.

आता तुमच्याशी बोलतो, मामा. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐका.

अठरा दिवस झाले तुम्हाला जाऊन. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, "सिनेमा पाहिलास की? काय झालं?" तेच सांगायला बसलोय. पैज आपली दोघांची होती. निकाल लागला आणि सांगायला माणूस नाही, म्हणजे परीक्षा देऊन यावं आणि शाळाच उचलून नेलेली असावी, तसं झालंय.

मी पहिल्यांदा खोली बघायला आलो तो दिवस आठवतो का? तुम्ही ऑर्गनचं झाकण पुसत होता. मान वर न करता विचारलंत, "कोठला?"

"बार्शी."

"ते कोठें अहे?"

"सोलापूरजवळ."

"सोलापूर ठाऊक. चादर." आणि परत पुसायला लागलात. त्या दिवसापासून माझं आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं. मी 'बार्शी' झालो. तुमची मराठी ऐकून मला वाटलं, हे नाटकातलं बोलतायत. मग मामी पण तसंच बोलल्या. मग कळलं की तुमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावूरला आले ते येताना मराठी घेऊन आले आणि मग ती कुणी बदललीच नाही. महाराष्ट्रात तुम्ही जन्मात चार वेळा गेलात, त्यातलं दोनदा लग्नाला. आणि मी, तिकडं जन्मलेला, संगीत नाटक म्हणजे काय ते मद्रासला येऊन तुमच्याकडून शिकलो. आमच्याकडं नाटक म्हणजे गॅदरिंग आणि गॅदरिंग म्हणजे माझ्या नकला. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, शेजारची म्हैस.

तुमच्याकडं आल्यावर आठवड्याभरात मी कुकरची शिट्टी काढली. गॅलरीत बसून, सहज. खाली मामी मोजत होत्या. त्यांनी तिसरी समजून गॅस बंद केला आणि तुमच्या पानात कच्चा भात पडला. मला वाटलं, गेली खोली. तुम्ही जिना चढून वर आलात. दम लागलेला.

"तिसरी शिट्टी तुझी मणे?"

"हो. सॉरी मामा."

"सूर पांढरी चारमध्यें काढलास. आपला कुकर काळी तीन अहे." एवढं बोलून तुम्ही खाली गेलात. दुसऱ्या दिवशी हातात नाटकाची वही ठेवलीत. म्हणालात, कान बरे आहेत, रविवारी तालमीला ये, प्रॉम्प्टिंग कर.

नाटक एकच. संगीत कंकणबंध. मंडळ दरवर्षी गणपतीत तेच करतं, कारण दुसरं काढलं तर तुम्ही ऑर्गनवर बसणार नाही अशी धमकी होती. नवीन लग्न झालेली मुलगी, नवरा लढाईला निघालाय, आणि तिसऱ्या अंकात ती दाराशी उभी राहून गाते: 'दार अर्धे लोटिले मी'. पूर्ण लोटलं तर तो गेला, उघडं ठेवलं तर लोक बघतात, म्हणून अर्धं. मी विंगेत वही धरून उभा असायचो आणि दर वेळी त्या पदाला माझं बोट ओळीवरून घसरायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. प्रॉम्प्टरनं रडायचं नसतं ना.

आणि पद संपलं की तो प्रकार. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला खरंच वाटलं की तुमचं डोकं फिरलं. त्या मुलीचं काम करणाऱ्या नलिनीताईंनी शेवटचा सूर सोडला, हॉल गप्प. इथल्या मराठी पोरांना टाळी कुठं द्यायची ते माहीत नाही, त्यांचे आईबाप इंग्रजी शाळेतल्या शिस्तीनं बसलेले. आणि ऑर्गनवरून तुम्ही, स्वतः तुम्ही, झाकणावर थाप मारून ओरडलात, "वऽन्स मोर्र!" तमिळ र, दोन वेळा वळलेला. स्वतःच्याच नाटकाला स्वतःच वन्स मोअर! मी विंगेत वही तोंडात कोंबली. पण पुढच्या क्षणी सगळा हॉल ओरडला, "वन्स मोर्र!" तुमच्याच र सकट. कितीतरी वर्षांची सवय त्यांची. तुमची थाप पडल्याशिवाय त्यांना कळायचंच नाही की आपल्याला आवडलंय.

मग नलिनीताई परत गायच्या. आणि तालमीत एकदा त्यांनी दुसऱ्यांदा अगदी तसंच गायलं तर तुम्ही हात उचललेत. "हे आत्ता ऐकलों. दुसरं दे."

"अहो मामा, वन्स मोअर म्हणजे तेच परत ना?"

"तेच परत पाहिजे तर घरीं रेकॉर्ड अहे. वन्स मोर मणजे अजून काय अहे तुझ्याकडे, तें दाखव."

मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारा जाम खडूस आहे.

मग तो दिवस. ऑर्गनचा भाता फाटला होता, चामडं आणायला आपण जॉर्ज टाउनला गेलो होतो. तिथल्या बाजारगल्लीत तुम्ही सात दुकानांत चामडं नाकाला लावून बघितलंत. सात! सातव्या दुकानदारानं मला विचारलं, आजोबा चपला करतात का. परत येताना तुम्ही गाडीत मांडीवर चामड्याची गुंडाळी धरून बसला होता आणि मी फोनवर वाचलं: कंकणबंधवर सिनेमा येतोय. मोठा. मी ओरडलोच.

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पाहणार नाही."

"अहो पण का?"

"वन्स मोर कोणाला देणार? पडद्याला?"

इथं मला चेव आला. म्हटलं, मामा, तुमच्या या गावात राहून असं बोलता? इथं हिरोच्या गाण्याला पब्लिक ओरडतं आणि ऑपरेटर गाणं परत लावतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जगात सिनेमाला वन्स मोअर मिळत असेल तर मद्रासलाच.

"तें परत लावणें. वन्स मोर नव्हे."

"मी आपल्या पदाला हॉलकडून वन्स मोअर मिळवून दाखवतो. मग काय म्हणाल?"

क्रोमपेट स्टेशन गेलं. मग म्हणालात, "मिळवलास तर मग सिनेमालाही संगीत नाटक मणेन. मंडळाच्या सभेंत, उभा राहून." तुमच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. मला हे पाहिजेच होतं. तुम्ही एकदा, सगळ्यांसमोर, 'बार्शी बरोबर होता' असं म्हणायला पाहिजे होतं.

आणि उतरायच्या आधी तुम्ही अजून एक विचारलंत. तेवढं सोडून बाकी सगळं मी विसरलो तरी चालेल.

"सगळ्यांचे आवाज काढतोस. माझा?"

"तुमचा येत नाही मामा."

"बरं," म्हणालात.

खोटं होतं ते. पहिल्याच महिन्यात आला होता मला तुमचा आवाज. तालमीच्या चहाला, तुम्ही हात धुवायला गेलात की मी तुमचा 'वऽन्स मोर्र' काढायचो आणि सगळे लोळायचे. तुमच्या तोंडावर नाही काढला. का? मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. नाहीतर असंही असेल की तुम्ही म्हणाल, चूक, काळी तीन नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात तेव्हा चामड्याची गुंडाळी या मांडीवरून त्या मांडीवर घेतलीत. मी बघितलं होतं. तरी नाही काढला.

सिनेमा महाराष्ट्रात लागला, इकडं यायला पाच आठवडे लागले. मंडळानं घराजवळच्या जुन्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळचा एक खेळ ठरवला. मी ऑपरेटर सेल्वमला पटवायला गेलो. माझ्या मोडक्या तमिळमध्ये आणि हातवाऱ्यांत सांगितलं, तिसऱ्या भागात एक गाणं आहे, परत लावशील का. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाला, "तंबी, एकट्यानं ओरडलास तर नाही लावणार. एका माणसाचं ऐकून मी गाणं फिरवत नाही. हॉल ओरडला पाहिजे." तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "बरा माणूस अहे." तुमचं तिकीट कडेचं काढलं. ऑर्गनचं पायडल मारून मारून तुमचा डावा पाय आखडायचा, तो बाहेर सोडता यावा म्हणून.

आणि मग एका शुक्रवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात आणि कॉफीला उठलाच नाहीत. मी अड्यारला ऑफिसात होतो. मामींनी फोनवर एवढंच म्हटलं, "बार्शी, ये." दोन वर्षं मला 'बाळा' म्हणणाऱ्या मामी. मी तेव्हाच समजलो.

तेरावं झालं आणि तीन दिवसांनी तो रविवार आला. मला जायचं नव्हतं. मामी म्हणाल्या, जा, ठरवलेलं अहे ना. तुमची खुर्ची मी तशीच रिकामी ठेवली, मी शेजारी. कडेला पाय सोडून मीच बसणार होतो, पण नाही जमलं.

सिनेमा कसा होता? मामा, तुम्ही उठून गेला असता. तिसरा अंक आला. चाळीस व्हायोलिनं. पोरगी डोंगरावर. मोकळा डोंगर, वारा, पदर दहा फूट लांब उडतोय, वरून कॅमेरा घारीसारखा फिरतोय, आणि ती गातेय 'दार अर्धे लोटिले मी'. मैलभर दार नाही हो! मी तुमच्या खुर्चीकडं वळलो, तुम्ही काय बोलता ते ऐकायला. आणि मला कळलं की मला येत नाही. आवाज येतोय. तुमचा आवाज माझ्या घशात तयार बसलाय. पण तुम्ही काय म्हणाला असता ते वाक्य काही येईना. तुम्ही नेहमी मला सुचलं नसतं तेच बोलायचात.

पण गळा चांगला होता पोरीचा. ते खोटं नाही सांगणार. तीन मिनिटांत पद संपलं. तिथंही माझं बोट खुर्चीच्या हातावर घसरत होतं.

हॉल गप्प.

मी ओरडलो, "वन्स मोअर!" माझ्या आवाजात. कुणीतरी मागून म्हणालं, "श्श!" कुणीतरी खोकलं. पडद्यावर पुढचा सीन सुरू झाला, घोडे आले. मी परत ओरडलो. नलिनीताई पुढच्या रांगेतून वळून म्हणाल्या, "अरे बस ना, काय लावलंयस!" पैज चालली होती हातातून. तुम्ही नाही, आता पैजही नाही.

मग मी डोळे मिटले, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि तो काढला. "वऽन्स मोर्र!"

मामा, काय सांगू. साठ लोक. आधी एक श्वास थांबला सगळ्यांचा, तो मला ऐकू आला. आणि मग, कुणी विचार केला असेल असं वाटत नाही मला, सवय हो ती, सगळा हॉल एकदम ओरडला, "वन्स मोर्र!" बायका, म्हातारे, इंग्रजी शाळेतली पोरं. दोन दोन र लावून. मग कुणीतरी ओरडता ओरडता रडायला लागलं. नलिनीताई उभ्या राहिल्या होत्या, मागं वळून त्या तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होत्या. माझ्याकडं नाही, खुर्चीकडं.

वर सेल्वमनं शब्द पाळला. घोडे थांबले, मागं गेले, आणि परत डोंगर.

मी जिंकलो होतो. पहिल्या ओळीपर्यंत अंगावर काटा होता. दुसऱ्या ओळीला तिनं श्वास घेतला, जिथं आधी घेतला होता तिथंच. पदर तिकडंच उडाला. 'लोटिले'वर ती जराशी थांबली, आधी थांबली होती तेवढीच, केसभर कमी नाही, जास्त नाही. मी वाट बघत होतो मामा. अजून काय आहे तुझ्याकडं, दाखव की. कसली दाखवते! तिला माहीतच नव्हतं आम्ही ओरडलोय. सगळा हॉल आपल्यासाठी रडतोय हे तिला कुणी सांगणार?

सभेत उभं राहून मीच सांगेन आता. सेतूमामा बरोबर होते. ते परत लावणंच असतं. आणि माझंही तसंच हो. मी अजून पन्नास वर्षं तुमचा 'वन्स मोर्र' काढू शकतो, काळी तीनमध्ये, थापेसकट. पण तो तोच. गणपतीतला. पुढचा येत नाही.

बाहेर आलो तर नलिनीताईंनी माझा दंड धरला. वाटलं, मारतात आता. पण नाही. धरून राहिल्या आणि मग रिक्षा बघायला गेल्या.

घरी आलो तर त्यांचा फोन माझ्या आधी पोचला होता. मामी ओट्याशी बसून घेवडा निवडत होत्या. मान वर केली नाही.

"नलिनी फोन केली होती. यांचा आवाज काढलास मणे टॉकीजांत."

"चुकलं मामी."

"चुकलं की नाही तें मी पाहतें. साठ लोक ऐकले. मला कोण बोलावलं? काढ."

"मामी, नको ना."

"काढ मणतें."

मी ओट्यावर थाप मारली आणि काढला. वाट्या वाजल्या. मामींनी डोळे मिटून ऐकलं. शेंग हातात तशीच. मग म्हणाल्या, "अहे. तेच अहे. हें बाहेरचं झालं. आतां मला कॉफी मागत होते, तें काढ."

सोपं वाटलं मला. छाती भरून घेतली आणि तुमच्या आवाजात म्हटलं, "अगं, कॉफी!"

मामींनी डोळे उघडले. "हें कोण?"

मी आवाज खाली आणला. "अगं, कॉफी देतेस का?"

"हें पण नव्हे."

तिसऱ्यांदा तर मलाच कळलं की मी कुठल्यातरी नाटकातला म्हातारा काढतोय. मग मामी सुटल्या. दोन वर्षांत त्यांना मी असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"त्रेचाळीस वर्षांत हे मला ओरडून एकदांही कॉफी मागितले नाहीत! इथें ओट्यापाशी येऊन उभे राहत, घसा साफ करत, आणि 'वेळ अहे का तुला?' मणत. रोज दोनदां. तूं इथेंच बसून इडली गिळत असायचास, त्या फोनांत नाक खुपसून. लोकांना हसवायला लागतं तेवढंच उचललास तूं यांचं, उरलेलं सगळं सोडून दिलास! मी ऐकून ठेवलें अहे रे, एक एक ऐकून ठेवलें अहे, आणि मला काढतां येत नाही. तुला काढतां येतं आणि तूं ऐकलास नाही. मूर्ख कोठला! ते इथें उभे असतां एकदां मान वर करून पाहिलं असतंस, तर काय गेलं असतं तुझं?"